वस्तऱ्याच्या पाठीला टेप लावायची की नाही? आधी अँगल मोजा

बडोद्याच्या एका दादांनी विचारलंय, प्रश्न लांब आहे म्हणून थोडक्यात सांगतो. आजोबांचा जर्मनीतल्या सोलिंगेनचा वस्तरा हातात आला, पाच सूत रुंदीचा म्हणजे ५/८ इंच, पोकळ पात्याचा म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेला, गंज वरवरचा होता तो निघाला. १००० आणि ४००० च्या दगडावर (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) पाठीला इलेक्ट्रिकवाली काळी टेप लावून धार काढली. मग कुणीतरी सांगितलं की टेप म्हणजे शिकाऊ लोकांची चलाखी, फिनिशिंगला तरी काढून टाक. त्यांनी काढली, ८००० च्या दगडावर हात दुखेपर्यंत फिरवला, चमोट्यावर म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर मारला, आणि वस्तरा दाढीत अजून ओढतोच आहे. आता विचारतायत की टेप लावायला पाहिजे होती का नव्हती, आणि टेपमुळेच धार गेली का.

दादा, टेपने काही गेलं नाही. तुम्ही ती मध्येच काढलीत त्यामुळे ८००० चा दगड धारेपर्यंत पोचलेलाच नाहीये. सगळा घोळ एवढाच आहे, पण तो नीट समजला की टेप लावावी का नाही हा वाद आपोआप मिटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पीथमपूरला टूलरूममध्ये काम केलंय, त्यामुळे कुठलीही धार दिसली की आधी अँगल किती हे विचारायची खोड आहे. वस्तऱ्यांचं काम आता इंदूरला घरीच करतो, ओळखीपाळखीतून येतात. टूलरूममध्ये ग्राइंडिंगला जॉब अँगलमध्ये धरायला फिक्श्चर लागतं, वस्तऱ्यात ते फिक्श्चर पात्यातच बनवलेलं असतं, आणि ते म्हणजे त्याची जाड पाठ. स्वयंपाकघरातल्या सुरीला अँगल हाताने धरावा लागतो, वस्तऱ्याला नाही, पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवायच्या आणि फिरवायचं, अँगल कारखान्यानेच ठरवून दिलाय. पाठीची जाडी आणि धारेपासून पाठ टेकते तिथपर्यंतचं अंतर, या दोन मापांवर सगळं अवलंबून.

हिशोब अगदी सोपा आहे, साइन टेबल उघडायची गरज नाही. जाडी भागिले अंतर, गुणिले ५७. समजा पाठीची जाडी ४.२ मिमी आणि अंतर १५ मिमी, तर १६ डिग्री येतात, दोन्ही बाजू मिळून. आता पाठीवर टेपचा एक थर लावा. इलेक्ट्रिकची पीव्हीसी टेप साधारण ०.१३ मिमी जाड असते, भारीतली ०.१८ पर्यंत जाते. ती दोन्ही बाजूंना बसते म्हणून जाडीत दुप्पट वाढ, ४.२ चे झाले ४.४६, आणि अँगल झाला १७. म्हणजे एका थराला ढोबळमानाने एक डिग्री. हे एवढं पाठ करून ठेवा, बाकी सगळं यातून निघतं.

आता तुमचं काय झालं ते बघा. १००० आणि ४००० वर १७ डिग्रीचं बेव्हल, म्हणजे धारेलगतचा घासलेला तिरका पट्टा, बनलं, नीट बनलं असणार. मग टेप काढली आणि पाठ खाली बसली, वस्तरा १६ वर आला. १६ वर दगडाला टेकतो तो बेव्हलचा मागचा खांदा, म्हणजे धारेपासून लांबची कड, आणि धार स्वतः दगडापासून वर राहते. किती वर? बेव्हल ०.८ मिमी रुंद धरलं तर सुमारे ७ मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी फट, डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. पण ८००० च्या दगडातला कण एक-दीड मायक्रॉनचा, तो खांदा घासून घासून धारेपर्यंत पोचायचा तर रात्र जाईल. तुम्ही ८००० वर जेवढा वेळ घालवलात तो सगळा खांद्याला आरसा करण्यात गेला, आणि दाढीला लागली ती ४००० ची धार. ४००० ची धार ओढणारच, ती काही गालासाठी नसते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, बघून घ्या. साधा काळा परमनंट मार्कर घ्या, बेव्हलवर दोन्ही बाजूंनी लावा, धारेच्या अगदी कडेपर्यंत, आणि मिनिटभर वाळू द्या. मग टेप न लावता ८००० वर फक्त दोन-तीन हात, अजिबात दाब न देता. आता घड्याळवाल्याचं दहापटीचं भिंग डोळ्याला लावा आणि पातं खिडकीच्या उजेडात हळूहळू तिरकं करा. मागच्या खांद्याकडची शाई गेलेली दिसेल, आणि पुढे धारेलगत एक बारीक काळी रेघ तशीच उभी असेल. ती काळी रेघ म्हणजे तुमची ओढणारी दाढी. मग त्याच टेपचा नवा तुकडा लावा, परत शाई, परत दोन हात, आणि या वेळी शाई धारेवरून जाईल. कुठे गेली कुठे राहिली ते टाचेपासून (पात्याचा मुठीकडचा भाग) टोकापर्यंत बघा, कारण कधीकधी मध्यात जाते आणि टोकाला राहते, ते मग टेपचं दुखणं नसतं, पातं थोडं वाकडं असतं किंवा दगडाला खोलगटपणा आलेला असतो. दगड सपाट नसेल तर टेप लावा नाहीतर गंडा बांधा, फरक पडणार नाही.

उपाय तुम्हाला आता कळलाच असेल. त्याच रोलमधली टेप परत लावा, शंका नको म्हणून ४००० वर थोडे हात द्या, मग टेपचा तुकडा बदलून ८००० वर. धार लगेच पकडेल, कारण बेव्हल तयारच आहे. मध्ये जे टेपशिवाय घासलं त्याने खांदा किंचित खाली गेला असेल, त्याचं नुकसान काही नाही.

आता मूळ प्रश्न, लावावी का नाही. इथे दोन पंथ आहेत आणि दोघं एकमेकांना शिव्या घालतात. एक म्हणतो टेप नाही लावली तर पाठ झिजून वस्तरा खराब होतो. दुसरा म्हणतो आमच्या बापजाद्यांनी कधी टेप लावली नाही. बापजाद्यांचं म्हणाल तर अरे भिया, विनाइलची ही टेप बाजारात आली १९४६ ला, आणि जिलेटचा सेफ्टी रेझर विकायला लागला १९०३ ला. खुल्या वस्तऱ्याचा भर ओसरला तेव्हा टेप जन्मलीच नव्हती, त्यामुळे जुन्या लोकांनी लावली नाही हा टेपच्या विरोधातला पुरावा होत नाही. पण त्यांचं काम टेपशिवाय उत्तम चालत होतं हेही तितकंच खरं, आणि ते का चालत होतं ते समजून घेण्यासारखं आहे.

टेपशिवाय धार काढताना धारेबरोबर पाठही थोडी घासली जाते. धार घासली की पात्याची रुंदी कमी होते, पाठ घासली की जाडी कमी होते, आणि दोन्ही साधारण एका प्रमाणात कमी झाल्या की त्यांचा भागाकार तोच राहतो, म्हणजे अँगल तोच. पाठीवर दोन्ही बाजूंना जी चकाकणारी सपाट पट्टी दिसते ती याचीच खूण. पट्टी अर्धा-एक मिमी रुंद आणि सगळीकडे सारखी असेल तर तो दोष समजू नका, तो वस्तरा जसा वापरायला बनवला तसाच वापरला गेलाय. याउलट कायम टेप लावून धार काढलीत तर पाठ तशीच राहते आणि रुंदी कमी होत जाते, म्हणजे अँगल हळूहळू वाढतो. पण किती? वर घेतलेल्या मापात रुंदी अख्खा १ मिमी कमी झाली तर १६ चे १७ होतात. घरगुती वापरात १ मिमी जायला एक पिढी लागेल, कारण दाढीच्या आधी चमोटा आणि काही महिन्यांनी बारीक दगडावर दहा-वीस हात एवढंच तर करायचं असतं. म्हणून दोन्ही पंथांची भीती कागदावर बरोबर आणि प्रत्यक्षात फार छोटी आहे. पाठीची खरी झीज होते ती १००० आणि त्याखालच्या खरखरीत दगडावर, आणि ते काम वस्तऱ्याच्या आयुष्यात क्वचित येतं, किंवा यायला पाहिजे.

मग मी काय करतो? हे वस्तऱ्यावर आहे, म्हणून आधी मोजतो. माझ्या अनुभवात १६ ते १८ हा चांगला पट्टा. १५ च्या खाली गेला की धार कागदासारखी पातळ होते, पहिली दाढी स्वर्गीय आणि तिसऱ्या दाढीला भिंगाखाली कडेचे बारीक तुकडे उडालेले. १९-२० पर्यंत चालतं पण तेवढं गुळगुळीत नाही, त्याच्या वर गेलं की ओढल्यासारखंच वाटतं.

आपल्याकडे जुन्या सामानात जे वस्तरे मिळतात त्यातले बरेच सलूनमधून आलेले असतात, रोज वापरलेले आणि मिळेल त्या दगडावर दाबून घासलेले. आता सलूनमध्ये सगळीकडे अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आहे, त्यामुळे हे जुने निवृत्त झाले. यांची पाठ दोन-अडीच मिमी रुंद सपाट झालेली असते. असा एक मापाला घ्या, जाडी ३.८ आणि अंतर १६, उत्तर येतं साडेतेरा. हा टेपशिवाय कितीही छान काढा, धार टिकणार नाही. इथे मी दोन थर लावतो, ते जातं साडेपंधराच्या आसपास, आणि मरणाला टेकलेला वस्तरा कामाला येतो. टेपचा सगळ्यात प्रामाणिक उपयोग माझ्या मते हाच, गेलेली जाडी उसनी देणं. मात्र तो वस्तरा मग कायमचा टेपवाला झाला, त्याच्या मालकाला मी तसं बजावून देतो.

दुसरं, पाठीवर कोरीव काम, सोन्याचा मुलामा किंवा दमास्कसची नक्षी असेल तर विचारच करू नका, लावा. तिथे गणित नंतर. आणि जुने इंग्लंडमधल्या शेफिल्डचे जाड पाचरीसारखे वस्तरे, ज्यांचं पातं पोकळ नसतं, त्यांना टेपशिवाय दगडावर ठेवलं की जवळजवळ पूर्ण पातंच टेकतं आणि तुम्ही संध्याकाळभर लोखंड घासत बसता. एक थर लावला की पातं उचललं जातं आणि फक्त कडेचं काम राहतं. तिथेही मी लावतो.

तुमच्यासारखा पोकळ पात्याचा, सरळ, कमी झिजलेला सोलिंगेन असेल तर खरं सांगायचं तर दोन्ही चालतं. मी स्वतः असे वस्तरे टेपशिवाय करतो, कारण मालक पुढे घरी करणार असतो आणि त्याला टेप कुठली, किती थर, ही भानगड नको. पण धारेला मोठा खड्डा पडलाय आणि खूप धातू काढायचाय, अशा वेळी खरखरीत दगडावर टेप लावतो, मग ती काढून १००० वर परत बेव्हल बसवतो, शाई लावून धारेपर्यंत पोचलो याची खात्री करतो, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत टेपशिवाय. टेप काढायची तर ती १००० वर काढायची, कारण खांदा कापायची ताकद तिथल्या कणात असते. तुम्हाला ज्यांनी सल्ला दिला ते कदाचित असंच करत असतील आणि मधली पायरी सांगायची राहिली असेल.

उलटी युक्तीही आहे. सगळं टेपशिवाय करायचं आणि शेवटच्या दगडावर फक्त पाच-दहा हात एक थर लावून. त्याने अगदी कडेला एक डिग्री जास्तीचं बारीकसं दुसरं बेव्हल बनतं, दगड सगळा जोर फक्त कडेवर देतो आणि धार पटकन येते. हटवादी स्टीलवर हे छान चालतं. पण याची उधारी पुढच्या वेळी फेडावी लागते, दोन महिन्यांनी टेप न लावता दगडावर घेतलात की परत तुमचंच आजचं दुखणं. म्हणून मी डब्यात एक चिठ्ठी ठेवतो, किती थर, कुठली टेप, शेवटचा दगड कुठला. मोठ्या लोकांना हसू येतं, पण दुसऱ्या वेळी तोच वस्तरा हातात आला की ती चिठ्ठीच कामाची.

आता लावायची कशी, कारण यातही लोक घोळ करतात. टेप आमच्या इंदूरच्या महाराणी रोडवर मिळते तशीच साधी १८ मिमीची, पण एक कंपनी धरून ठेवा. जाडी मोजायची तर एकावर एक दहा थर चिकटवून व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि दहाने भागा, एका थराचं माप व्हर्नियरवर नीट येत नाही. लावताना ओढू नका, ही टेप रबरासारखी ताणली जाते आणि ताणली की पातळ होते, टोकाला ओढून लावली तर टोकाचा अँगल वेगळा. वस्तरा अर्धवट मिटून पाठ वर करा, टेपचा मध्य पाठीवर आधी टेकवा, मग दोन्ही बाजू नखाने खाली दाबत न्या. सुरकुती राहिली तर तुकडा फेकून द्या, दोन रुपयांची टेप आहे. टेपची कड बेव्हलपासून लांबच राहिली पाहिजे.

दगड बदलला की टेप बदलायची, हा नियम मोडू नका. एक तर ती झिजते, पाठ टेकते तिथे आधी चमक येते आणि मग खालचं स्टील दिसायला लागतं, म्हणजे मधल्यामधे अँगल उतरतोय. दुसरं, टेप मऊ असल्याने १००० चा एखादा कण तिच्यात रुतून बसतो आणि तो ८००० च्या दगडावर ओरखडे काढतो. दाबही कमी ठेवा, टेप दाबली जाते आणि अँगल हलतो, शेवटच्या दगडावर तर पात्याच्या वजनाएवढाच भार. तेलाच्या दगडावर टेपचा डिंक सुटतो आणि ती घसरते, तिथे एकतर पाणी वापरा नाहीतर टेप नको. काही जण कॅप्टॉनची पिवळी टेप वापरतात, पॉलिइमाइडची, ती या टेपच्या निम्म्याहून पातळ आणि कडक असते, टिकते चांगली, पण तिचा एक थर म्हणजे एक डिग्री नव्हे, हिशोब परत करा.

चमोट्यावर टेप काढून. तिथे ती चामड्याला चिकट फासते. मग तिथे अँगल बदलत नाही का, असं विचाराल, तर बदलतो, पण चामडं दबतं आणि धारेभोवती किंचित वर येतं, ७ मायक्रॉनची फट ते सहज भरून काढतं. कडक लाकडी पट्टीवर पेस्ट लावून मारत असाल तर मात्र ती दगडासारखीच धरा आणि टेप ठेवा. पाठीवर डिंक राहिला असेल तर फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन पाठीकडून धारेकडे पुसा, धारेच्या लांबीला समांतर कधीच नाही, बोट जाईल. मग कोरड्या फडक्याने पुसून एक थेंब तेल.

तुमच्या वस्तऱ्याची मापं तुम्ही लिहिली नाहीयेत, मी वर घेतली ती नमुन्याची आहेत. पाठीची जाडी टाचेला, मध्यात आणि टोकाला अशी तीन ठिकाणी मोजा. अंतर मोजताना व्हर्नियरचे जबडे धारेला लावू नका, धार मोडते, कागदावर पातं आडवं ठेवून धारेची आणि पाठीवरच्या पट्टीच्या मध्याची पेन्सिलने खूण करा आणि खुणांमधलं अंतर घ्या. तीन ठिकाणचे अँगल अर्ध्या डिग्रीच्या आत असतील तर वर सांगितलं तसं एक थर लावून ८००० वर उरकून टाका. टोकाला एकदम दीड-दोन डिग्री कमी आले तर कुणीतरी पूर्वी टोकावर दाबून घासलंय, मग टेपचे थर वाढवून ते सुधारत नाही, तेव्हा काही करायच्या आधी मापं आणि पाठीवरच्या पट्टीचा फोटो टाका.